प्रतिसृष्टीच्या प्रयोगशाळेतली रिकामी खुर्ची

१६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने एका जिवाणूच्या खटल्याचा निकाल दिला. बंगालमधल्या सैंथिया गावी जन्मलेल्या आनंद मोहन चक्रवर्ती यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत हा जिवाणू घडवला होता. कच्च्या तेलातले वेगवेगळे घटक पचवण्याची क्षमता निसर्गात वेगवेगळ्या जिवाणूंमध्ये विखुरलेली असते. चक्रवर्तींनी ती एकाच स्यूडोमोनास जिवाणूत एकवटली. समुद्रावर सांडलेलं तेल त्याने खावं अशी कल्पना होती. जिवंत वस्तूवर पेटंट मिळू शकतं का, असा प्रश्न न्यायालयापुढे होता. मिळू शकतं, असं उत्तर आलं. वस्तू जिवंत आहे की निर्जीव हे महत्त्वाचं नाही, ती निसर्गाची आहे की माणसाने केलेली आहे एवढंच पाहायचं, असा त्यामागचा तर्क.

त्यानंतर चारच दिवसांनी अध्यक्ष जिमी कार्टर यांना एक पत्र गेलं. प्रोटेस्टंट, ज्यू आणि कॅथलिक अशा तीन मोठ्या धर्मसंघटनांच्या सरचिटणीसांनी मिळून ते लिहिलं होतं. नवे जीव घडवण्याचं सामर्थ्य माणसाच्या हाती येत आहे. त्यात माणसाचं भलं कशात आहे हे ठरवणार कोण, आणि त्यावर लक्ष ठेवणारं कुणी आहे का, अशी त्यांची विचारणा होती. या पत्रामुळे अध्यक्षीय आयोगाने विषय हाती घेतला आणि १९८२ साली ‘स्प्लायसिंग लाइफ’ हा अहवाल आला. माणूस देवाच्या जागी बसू पाहतो आहे, या तक्रारीचा नेमका अर्थ काय होतो हे आयोगाने धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनाच विचारलं. जनुकांना हात लावूच नये असा मूलभूत धार्मिक निषेध दाखवता येत नाही. चिंता आहे ती परिणामांची, आणि आपल्याला सगळं कळतं या गर्वाची, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश होता.

पुढच्या चार दशकांत हाच प्रसंग नव्या पात्रांसह पुन्हा पुन्हा घडत आला. १९९९ साली क्रेग व्हेंटर यांच्या गटाला कमीत कमी जनुकांवर जगणारा जीव बनवायचा होता. तो बनवण्याआधी त्यांनी नीतितज्ज्ञांकडे विचारणा केली. मिल्ड्रेड चो, डेव्हिड मॅग्नस, आर्थर कॅप्लन आणि सहकाऱ्यांच्या गटाने निरनिराळ्या धर्मपरंपरांचे अभ्यासक सोबत घेऊन विचार केला आणि डिसेंबर १९९९मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष मांडले. मूलभूत नैतिक मर्यादा ओलांडली जात नाही, मात्र तंत्र पुढे जाण्याआधी काही प्रश्नांचा विचार झालाच पाहिजे, असं ते म्हणाले. शास्त्रज्ञांनी आधी विचारलं ही मोठी गोष्ट होती. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं.

तरीही त्या विचारण्यात एक उणीव होती. “हे करू का?” असा तो प्रश्न. त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असू शकतं. धर्माचा किंवा तत्त्वज्ञानाचा माणूस प्रयोगशाळेच्या दारात बोलावला जातो तो बहुतेक वेळा शिक्का मारायला, आणि शिक्का मारला की त्याचं काम संपतं. कुठला जीव घडवायचा, कशासाठी, तो कुणामध्ये राहणार आणि त्याची काळजी कुणी वाहायची, हे सगळं तोवर ठरून गेलेलं असतं. ज्याला आपण सिंथेटिक बायोलॉजी म्हणतो, म्हणजे जनुकं वाचण्यावर न थांबता ती लिहून नवे जीव रचण्याची विद्या, तिच्याभोवती अनेक विद्याशाखांचा समुदाय उभारायचा असेल तर खरी अडचण इथे आहे. माणसं जमवता येतात. त्यांनी एकत्र कोणता प्रश्न विचारायचा, हे जमत नाही.

सृष्टी करणं हा देवाचा अधिकार आहे आणि माणसाने तो बळकावू नये, या आक्षेपाला अब्राहमी धर्मांत जितकं वजन आहे तितकं भारतीय परंपरेत नाही. आपल्याकडे विश्वामित्राने सरळ प्रतिसृष्टीच मांडली. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडातली ही कथा आपण लहानपणी ऐकतो आणि तिच्यातला गाभा विसरतो. सदेह स्वर्गात जायची त्रिशंकूची इच्छा. देवांनी त्याला खाली ढकललं, विश्वामित्राने अधांतरी थांबवलं आणि रागाच्या भरात दक्षिणेच्या आकाशात नवे सप्तर्षी, नवी नक्षत्रं निर्माण केली. नवा इंद्रही करायला निघाला तेव्हा देव बोलणी करायला आले. तुला हे करण्याचा हक्क नाही, असं ते म्हणत नाहीत. तडजोड होते. नवी नक्षत्रं ज्योतिर्मार्गाबाहेर राहतील, त्रिशंकूही तिथेच राहील, खाली डोकं वर पाय. विश्वामित्र पुढच्या तपाला निघून जातो. निर्मितीचं सामर्थ्य त्याच्यापाशी होतं, निर्मितीत राहण्याची वेळ मात्र दुसऱ्यावर आली. कथेतला नैतिक प्रश्न सामर्थ्याचा नाहीच, तो या विभागणीचा आहे.

प्राचीनांना जनुकं ठाऊक होती असं इथे सुचवायचं नाही. तसं म्हणणं हा जुन्या ग्रंथांचाही अपमान आणि आजच्या विज्ञानाचाही. पण भारतीय दर्शनांनी जीव म्हणजे काय यावर शतकानुशतकं वाद घातला आहे, आणि त्या वादातल्या भूमिका एकमेकींपासून इतक्या दूर आहेत की आजच्या कोणत्याही चर्चासत्राने त्यांचा हेवा करावा. चार्वाक म्हणतात, चैतन्य ही पंचमहाभूतांतल्या चारांच्या मिश्रणातून उपजणारी गोष्ट आहे. किण्व पडल्यावर धान्यात मादकता यावी तशी. ती बाहेरून येत नाही. जीव रसायनातून उभा करता येईल असं मानणाऱ्या आजच्या संशोधकाला हा पूर्वज जवळचा वाटावा. जैन विचार त्याच्या थेट समोर उभा आहे. त्याच्या दृष्टीने माती, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती यांत एकेंद्रिय जीव आहेत. निगोद या सूक्ष्मतम अवस्थेत तर अनंत जीव एकाच शरीराचे भागीदार असतात. २०११च्या जनगणनेनुसार देशातले सर्वाधिक जैन, सुमारे चौदा लाख, महाराष्ट्रात राहतात. म्हणजे ही दृष्टी आपल्या शेजारच्या घरात जगली जाते. तिथून पाहिलं तर नवा जीव निर्माण करण्यापेक्षा, रोज संध्याकाळी ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने मारल्या जाणाऱ्या अब्जावधी जिवांचा प्रश्न आधी येतो. आणि बौद्ध विचारात निर्माता नावाचा कुणी मुळातच नाही. सगळं परस्परांवर अवलंबून उपजतं, आणि कर्माचं मोजमाप चेतनेवर, म्हणजे हेतूवर ठरतं. तो विचारील: हे करताना तुमच्या मनात काय होतं?

या तिघांना एका टेबलाशी बसवलं तर ‘परवानगी आहे की नाही’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत गळून पडेल. उरेल तो असा: ज्याला जगात आणलं त्याच्याशी आपलं नातं काय?

व्हेंटर यांचा गट थांबला नव्हता. मे २०१०मध्ये त्यांनी जाहीर केलं की मायकोप्लाझ्मा मायकॉइडिस या जिवाणूचा दहा लाखांहून अधिक अक्षरांचा संपूर्ण जनुकसंच रासायनिक पद्धतीने जोडून, तो जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या जातीच्या पेशीत घालून, पेशी चालू केली आहे. हॅमिल्टन स्मिथ, क्लाइड हचिसन, डॅनियल गिब्सन ही त्यातली मोठी नावं. जनुकसंचात त्यांनी खुणेसाठी जेम्स जॉयस, ओपेनहायमर यांच्याशी जोडलेली वचनंही लिहून ठेवली. फाइनमन यांचं वाक्य लिहिताना शब्द चुकले, ते नंतर लक्षात आलं. जगभर मथळे झळकले की माणसाने जीव निर्माण केला. व्हॅटिकनच्या वर्तुळातून आलेली प्रतिक्रिया त्या मानाने शांत होती: कौशल्य थोर आहे, पण जीव निर्माण झालेला नाही, जिवंत पेशीतला एक भाग बदलला आहे. हे विज्ञानाच्याही दृष्टीने बरोबर होतं. पेशीचं आवरण, तिच्यातली प्रथिनं, सगळी यंत्रणा उसनी होती. ओबामांनी त्याच दिवशी जैवनीती आयोगाला अभ्यास करायला सांगितलं. एमी गटमन यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या आयोगाने धर्मपरंपरांच्या अभ्यासकांनाही ऐकलं आणि डिसेंबरात अहवाल दिला. पुन्हा तोच क्रम: आधी घटना, मग विचारणा.

सहा वर्षांनी त्याच गटाने कमीत कमी जनुकांचा जीव केला. फक्त ४७३ जनुकं. त्यांतली १४९ नेमकं काय करतात हे तेव्हा त्यांना सांगता आलं नाही. वजा करत करत जगण्याला अत्यावश्यक तेवढंच ठेवलं, आणि उरलेल्यातला जवळपास तिसरा हिस्सा अगम्य निघाला. या आकड्यापाशी कुणाही श्रद्धावंताने आणि कुणाही नास्तिकाने सारखंच थबकावं.

आधी घटना, मग विचारणा हा क्रम उलटा करण्याचा एक गंभीर प्रयत्न याच काळात बर्कलीत झाला. त्याची कहाणी सविस्तर सांगायला हवी, कारण तो फसला आणि त्याच्या फसण्यातून जे शिकता येतं ते यशातून आलं नसतं.

२००६ साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने सिनबर्क या केंद्राला पैसा दिला. बर्कली, एमआयटी, हार्वर्ड, सॅन फ्रान्सिस्कोचं कॅलिफोर्निया विद्यापीठ अशा संस्था त्यात होत्या. प्रमुख होते जे कीसलिंग, यीस्टकडून मलेरियाच्या औषधाचा कच्चा माल करून घेणारे रासायनिक अभियंते. केंद्राचे चार कणे ठरले. जनुकीय भाग, त्यांची उपकरणं, ती बसवायचा सांगाडा, हे तीन अभियांत्रिकीचे. आणि चौथा ‘ह्यूमन प्रॅक्टिसेस’, मानवी व्यवहारांचा. या चौथ्याची धुरा पॉल रॅबिनाउ या मानववंशशास्त्रज्ञाकडे आणि एमआयटीचे राज्यशास्त्रज्ञ केनेथ ओय यांच्याकडे आली. रॅबिनाउ हे मिशेल फूको यांच्या विचारांचे जाणकार. प्रयोगशाळेत बसून शास्त्रज्ञांचं जग टिपणारे. डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर तंत्राच्या जन्मावर त्यांनी पुस्तक लिहिलेलं होतं. त्यांच्यासोबत गेमन बेनेट होते, धर्मशास्त्राचं शिक्षण घेतलेले.

रॅबिनाउंपुढे मानवी जनुकसंच प्रकल्पाचं उदाहरण होतं. १९९०पासून त्या प्रकल्पाच्या पैशातले तीन आणि पुढे पाच टक्के नैतिक, कायदेशीर व सामाजिक परिणामांच्या अभ्यासाला दिले गेले. पुष्कळ चांगलं काम झालं. पण रचना अशी होती की विज्ञान आपल्या वाटेने पुढे जाणार आणि नीतीचा अभ्यास मागून येऊन परिणाम तपासणार. रॅबिनाउंना हे नको होतं. त्यांच्या मते एकमेकांना मदत करणं वेगळं आणि एकत्र काम करणं वेगळं. मदतीत प्रत्येकाचा प्रश्न आधीच ठरलेला असतो. एकत्र कामात प्रश्नच दोघांनी मिळून घडवायचा असतो, आणि त्यात दोघंही बदलतात. त्यांनी आणि बेनेट यांनी मधोमध एक जुना ग्रीक प्रश्न ठेवला, अ‍ॅरिस्टॉटलचा: माणसाचं जीवन फुलणं, भरभरून जगणं म्हणजे काय? आरोग्य, संपत्ती आणि सुरक्षितता या त्याच्या अटी असतील, पण त्या पूर्ण झाल्या म्हणजे ते साधलं असं नाही. सिंथेटिक बायोलॉजी या फुलण्याला हातभार कसा लावील, हे रोजच्या कामातच विचारलं जावं अशी त्यांची मागणी.

अभियंत्यांना हवं होतं ते वेगळं. जैवसुरक्षेचे नियम कसे पाळायचे, पेटंटचं काय करायचं, लोकांना हे पटेल का, यावर नेमका सल्ला. त्यांची ही गरज खोटी नव्हती. २००६च्याच मे महिन्यात बर्कलीत सिंथेटिक बायोलॉजीची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा पस्तीसहून अधिक नागरी संघटनांनी खुलं पत्र काढून, शास्त्रज्ञांनी स्वतःच स्वतःचे नियम ठरवण्याला हरकत घेतली होती. बाहेर असं वातावरण असताना आत कुणी अ‍ॅरिस्टॉटलबद्दल बोलू लागलं तर ते चैनीचं वाटणं समजण्यासारखं आहे. शिवाय केंद्राचा दरवर्षी आढावा व्हायचा. जनुकीय भाग किती झाले हे मोजता येतं. माणसाच्या फुलण्याची प्रगती तक्त्याच्या कोणत्या रकान्यात भरायची?

ताण वाढत गेला. शास्त्रज्ञ संभाव्य धोक्यांबाबत पुरेसे गंभीर नाहीत, अशी रॅबिनाउंची धारणा झाली. त्यांच्याकडून उपयोगाचं काही हाती पडत नाही, अशी समोरच्या बाजूची. पाचेक वर्षांत रॅबिनाउ बाजूला झाले आणि चौथा कणा ड्रू एंडी या अभियंत्याकडे गेला. २०१२ साली रॅबिनाउ आणि बेनेट यांनी या प्रयोगावर पुस्तक लिहिलं. त्यात कडवटपणा आहे, आणि प्रामाणिक आत्मपरीक्षणही आहे.

दोष वाटून देणं सोपं आहे. रॅबिनाउंची भाषा जड होती, ज्यांच्यासोबत काम करायचं त्यांच्या कानांना ती परकी होती. आणि यीस्ट वाढवणाऱ्या पंचविशीतल्या संशोधकाला ती समजावून देण्याची जबाबदारी तत्त्वज्ञाचीही असते. पण मोठा दोष रचनेत होता. चौथा कणा कागदावर बाकी तिघांच्या बरोबरीचा होता, मात्र कोणता प्रकल्प घ्यायचा आणि कोणता नाही या निर्णयात त्याला मत नव्हतं. ज्याला नाही म्हणण्याचा अधिकार नाही, त्याच्या होला किंमत राहत नाही.

तो प्रश्न चैनीचा नव्हता, हे कीसलिंग यांच्याच कामाने दाखवून दिलं. आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं औषध चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी एका वनस्पतीतून शोधलं. त्याबद्दल २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. वनस्पतीचं पीक कमीजास्त होतं, भाव चढतात उतरतात आणि औषध गरिबाच्या हाताबाहेर जातं. म्हणून २००४च्या अखेरीस गेट्स प्रतिष्ठानने सव्वाचार कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली, यीस्टमध्ये जनुकं घालून आर्टेमिसिनिक आम्ल करण्यासाठी. काम उत्कृष्ट झालं. २०१३ साली सनोफी कंपनीने इटलीतल्या गारेसियो इथे उत्पादन सुरू केलं. मलेरियाने मरणारी मुलं वाचवणं, यापेक्षा शुद्ध हेतू कोणता असणार? बौद्ध कसोटीवर चेतना निर्मळ होती.

पण चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेत हजारो लहान शेतकरी ती वनस्पती पिकवत होते. त्यांचं काय, हे टीकाकारांनी विचारलं. उत्तर बाजाराने दिलं, आणि ते दोन्ही बाजूंना अनपेक्षित होतं. वनस्पतीची लागवड वाढली, भाव कोसळला, शेतातलं औषध यीस्टच्या औषधापेक्षा स्वस्त पडू लागलं. काही वर्षांतच कारखान्यातलं उत्पादन थंडावलं आणि तो दुसऱ्या कंपनीकडे गेला. मलेरियाचं मूल आणि शेतकरी हे दोघंही ज्यांचं जीवन फुलावं अशांच्या यादीतले होते. २००४ साली टेबलाशी आफ्रिकेतला शेतकरी, शेतीचा अर्थशास्त्रज्ञ आणि ‘कुणाचं भलं?’ हा प्रश्न चिकाटीने विचारणारा माणूस असता, तर यीस्टचं काम थांबलं असतं असं नाही. कदाचित ते पुरवठा तुटल्यावर कामी येणारा साठा म्हणून आखलं गेलं असतं.

याच्या तुलनेत कोवळ्या मंडळींना एकत्र प्रश्न घडवणं सोपं जातं. २००३ साली एमआयटीत एक छोटा वर्ग म्हणून सुरू झालेली आयजेम स्पर्धा आज जगभरच्या विद्यार्थ्यांना उन्हाळाभर जीव घडवायला लावते, आणि आपल्या कामाचा समाजाशी काय संबंध, याचाही जाब विचारते. २००९ साली बंगळुरूहून तिथे एक आगळा संघ गेला. सृष्टी या कला आणि डिझाइनच्या संस्थेतले विद्यार्थी, जीवशास्त्राचे नव्हेत. यशस शेट्टी या कलावंताच्या आणि राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे (एनसीबीएस) मुकुंद थट्टाई यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ई. कोलाय जिवाणूला जिओस्मिन तयार करायला शिकवलं. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तो या रेणूचा. निसर्गात तो मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू करतात.

औषध नाही, इंधन नाही, पेटंट नाही. पहिल्या पावसाचा वास. इंजिनिअरने हा प्रकल्प निवडला नसता आणि नीतितज्ज्ञाला त्यात तपासण्याजोगं काही दिसलं नसतं. पण जीव घडवण्याचं सामर्थ्य कशासाठी, हा प्रश्न त्या मुलांनी उपयोगाच्या चौकटीबाहेर नेला. मॉन्सूनच्या देशात ज्या वासाने माणसाचं मन हलतं तो बंद नळीत तयार झाला, तर त्यातलं काय उरतं आणि काय हरवतं? गेल्या काही वर्षांत पुण्याच्या आयसरचे विद्यार्थीही या स्पर्धेत उतरत आले आहेत. पदव्यांच्या भिंती पक्क्या होण्याआधी माणसं भेटली की त्यांना प्रश्न एकत्र घडवता येतो, असं या पिढीकडे पाहून म्हणावंसं वाटतं.

मोठ्यांनाही ते जमतं, याचं ताजं उदाहरण डिसेंबर २०२४चं आहे. पृथ्वीवरच्या सगळ्या जिवांची प्रथिनं डावखुऱ्या अमिनो आम्लांची असतात, आणि डीएनए उजव्या हाताच्या शर्करेवर उभा असतो. रेणूंना असं डावं-उजवं असतं, हे लुई पाश्चर यांनी १८४८ साली टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांवरून दाखवलं. सगळंच उलट असलेला, आरशातल्या प्रतिमेसारखा जिवाणू घडवता येईल का, हे सिंथेटिक बायोलॉजीतलं एक मोहक स्वप्न होतं. मिनेसोटा विद्यापीठाच्या केट अडमाला यांच्यासारखे काहीजण त्या दिशेने काम करत होते. मग चर्चेत रोगप्रतिकारशास्त्रज्ञ, परिसंस्थांचे अभ्यासक, वनस्पतितज्ज्ञ सामील झाले आणि चित्र पालटलं. आपली प्रतिकारशक्ती असा जीव ओळखणार नाही. जिवाणूंवर जगणारे विषाणू त्याला लागण करू शकणार नाहीत, आणि जिवाणू खाणारे एकपेशीय प्राणी त्याला नीट पचवू शकणार नाहीत. तो सुटला तर त्याला आवरणारं निसर्गात फारसं काही नाही. व्हेंटर, एंडी, जॅक शोस्टॅक यांच्यासह अडतीस जणांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की असे जीव घडवू नयेत. सोबत सुमारे तीनशे पानांचा तांत्रिक अहवाल दिला. तो जीव अजून निदान दशकभर दूर होता, आणि लिहिणाऱ्यांपैकी काही त्याच वाटेचे प्रवासी होते. अडमाला यांनी ते काम थांबवलं. उलटे रेणू औषधांत उपयोगी पडतात, ते संशोधन चालू राहावं असंही लेखकांनी स्पष्ट केलं; नाही म्हणायचं ते फक्त जगू शकणाऱ्या, वाढू शकणाऱ्या पूर्ण जिवाला.

इथे कुणी परवानगी मागितली नाही. वेगवेगळ्या विद्यांनी एकमेकींना असं काही दाखवलं की मूळ स्वप्न पाहणाऱ्यांचीच इच्छा बदलली. रॅबिनाउंना जे हवं होतं ते हेच. फक्त इथे टेबलाशी होते ते बहुतेक शास्त्रज्ञच, आणि पुढची अडचण विज्ञानाची राहिलेली नाही. करता येण्याजोगी गोष्ट न करण्याचा निश्चय समुदायाने घ्यायचा, आणि ज्यांनी तो घेतला नाही अशा पुढच्या पिढ्यांनी तो पाळायचा, हे कसं घडतं? १९७४ साली पॉल बर्ग आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या जोडकामावर स्वेच्छेने विराम मागितला होता. फेब्रुवारी १९७५च्या असिलोमार परिषदेत तो नियमांमध्ये बदलला आणि संपला. विज्ञानाच्या समुदायाला थांबण्याचा अनुभव महिन्यांचा आहे. धर्मसमुदायांचा शतकांचा आहे. व्रत कसं घ्यावं, साक्षी कुणाला ठेवावं, मोडलं तर परतायची वाट कशी असावी, नियम कोरडा पडला की त्यात पुन्हा प्राण कसा आणावा, याची समज जैन संघांत, बौद्ध विहारांत, ख्रिस्ती मठांत साठलेली आहे. निष्फळ झालेल्या आणि दांभिक झालेल्या व्रतांचं ज्ञानही तिथेच आहे, आणि तेही तितकंच मोलाचं.

विनोबांनी विज्ञान आणि अध्यात्म यांची जोडी वर्षानुवर्षं मांडली. विज्ञान गती देईल, दिशा आत्मज्ञानाने ठरेल, असा त्या मांडणीचा सूर होता. अणुबॉम्बनंतरच्या जगात ही फार मोठी दृष्टी होती. पण सिंथेटिक बायोलॉजीच्या संदर्भात ती थोडी पुढे न्यावी लागते. गती आणि दिशा इथे वेगळ्या खात्यांत राहत नाहीत. कोणती जनुकं निवडली, कोणता यजमान जिवाणू घेतला, अनुदानाच्या अर्जात उद्दिष्ट काय लिहिलं, या प्रत्येक कृतीत दिशा ठरून जाते. बाहेर बसून ती देता येत नाही.

भारतात हा प्रश्न आता लांबचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बायोई३ धोरण मंजूर केलं; जैवउत्पादन आणि त्यासाठीच्या बायोफाउंड्री उभारण्यावर त्यात भर आहे. जनुकीय बदल केलेले जीव हाताळणाऱ्या प्रत्येक संस्थेत १९८९च्या नियमांनुसार जैवसुरक्षा समिती असावी लागते. तिच्यात संस्थेचे प्रमुख, शास्त्रज्ञ, बाहेरचा विषयतज्ज्ञ, डॉक्टर आणि जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी असतो. दुसरीकडे माणसांवर औषधाची चाचणी घ्यायची असेल तर नैतिकता समिती लागते, आणि आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांनी तिच्यात समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा धर्मशास्त्राचा अभ्यासक यांच्यासाठी जागा ठेवली आहे. एक सामान्य नागरिकही असावाच लागतो. म्हणजे तयार औषध देताना ज्या माणसाचं मत आवश्यक मानलं, त्याला नवा जीव आखताना खुर्ची नाही.

लोकांना यात बोलायचं असतं, हे फेब्रुवारी २०१०मध्ये जनुकीय बदल केलेल्या बीटी वांग्यावर स्थगिती येण्याआधी दिसलं. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांतली एक नागपूरला झाली. बाजूने आणि विरोधात बोलायला शेतकरी, शास्त्रज्ञ, कार्यकर्ते एकाच मांडवात होते. गोंधळ झाला, आवाज चढले. पण वाण तेव्हा तयार होऊन दारात उभं होतं, त्यामुळे बोलण्याला हो आणि नाही एवढेच दोन मार्ग उरले होते.

पुण्यात पाषाणला आयसर आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहेत. तिथून थोड्याच अंतरावर विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा विभाग आहे, पाली आणि बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे. जैन दर्शन शिकवणारे अभ्यासक याच शहरात आहेत. यांतल्या कुणी प्रयोगशाळेच्या साप्ताहिक बैठकीत वर्ष-दोन वर्षं बसावं, अर्जाचा पहिला खर्डा लिहिला जाताना बसावं, आणि प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याने त्या बदल्यात दर्शनांचा एक वर्ग करावा, यासाठी नवी इमारत लागत नाही. लागतात त्या दोन गोष्टी. बैठकीतल्या त्या माणसाला प्रकल्पाच्या निवडीत मत हवं. आणि पाली शिकवणाऱ्या प्राध्यापकबाईंनी जिवाणूंच्या कामात घालवलेली दोन वर्षं, दहा जणांच्या यादीत सातव्या नावाने आलेला त्यांचा लेख, त्यांच्या बढतीच्या वेळी कुणीतरी मोजायला हवा. सध्या तो तत्त्वज्ञानाच्या खात्यातही धरला जात नाही आणि जीवशास्त्राच्याही नाही. निधी देणाऱ्यांनी आधी हा रकाना तयार करावा.